जुन्या गेमच्या रीमास्टरमध्ये उडी सारखी चुकतेय? दोष नक्की कुठे आहे ते असं शोधा

तक्रार ठरलेली असते. लहानपणी गप्पा मारत पार करायचो ती लेव्हल आता रीमास्टरमध्ये, म्हणजे त्याच गेमच्या नव्याने बांधलेल्या आवृत्तीत, धड अर्धीही होत नाही. बटण वेळेवर दाबलेलं असतं, तरी पठ्ठ्या कडेवरून सरळ खाली. मग कोणी म्हणतं कंट्रोलर गेला, कोणी म्हणतं टीव्ही भिकार आहे, आणि चाळिशीकडे झुकलेली मंडळी परस्पर ठरवून टाकतात की आपला हात गेला. हात बहुतेक वेळा शाबूत असतो.

‘उडी चुकते’ या एकाच तक्रारीखाली तीन वेगळे प्रकार लपलेले असतात. एक म्हणजे लॅग: बटण दाबल्यापासून ते पडद्यावर दिसेपर्यंत लागणारा वेळ. दुसरा म्हणजे वेग: तुमच्या आठवणीतला गेम ज्या गतीने चालायचा, त्या गतीने हा चालतच नाही. आणि तिसरा, ज्याच्याकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात, तो म्हणजे रीमास्टर करताना उडीच बदललेली असते. पहिल्यावर इलाज सेटिंगमध्ये आहे, दुसऱ्यावर कधी असतो कधी नसतो, तिसऱ्यावर फक्त सराव. हे आधी वेगळं केलं नाही की माणूस नवा कंट्रोलर घेऊन येतो आणि त्याच फळीवरून पुन्हा खाली पडतो.

आधी चाळण लावा

गेम सुरू करायच्या आधी मेन्यूतच थांबा आणि कर्सर वर-खाली करून बघा. तिथेही अंगठा आधी आणि कर्सर मागून असं जाणवलं, तर गेमच्या उडीशी त्याचा काही संबंध नाही. टीव्ही किंवा कंट्रोलर बघायचा. निन्टेन्डोचा स्विच असेल तर आणखी सोपं: डॉकमधून काढून हातात धरून तीच लेव्हल खेळा. हातात नीट आणि टीव्हीवर गंडत असेल, तर खटला तिथेच निकाली. प्लेस्टेशनवाल्यांनी कन्सोल उचलून एखाद्या कॉम्प्युटर मॉनिटरला लावून बघावा.

मेन्यू चटपटीत असेल तर पडता कसे ते बघा. नेहमी एकाच प्रकारे पडत असाल, म्हणजे पाय फळीवर टेकलेले दिसतात आणि तरी कॅरेक्टर घसरतं, तर ते तिसऱ्या प्रकारात गेलं. दहापैकी आठ उड्या चोख आणि दोनदा बटण दाबलंच नाही असं होत असेल, तर वायरलेसचा घोळ. आणि संगीतच घाईत वाजतंय, शत्रू अंगावर धावून येतायत, सगळंच भराभर चाललंय असं वाटत असेल तर खाली हर्ट्झचा भाग आहे, थेट तिकडे जा.

टीव्ही: नव्वद टक्के लोकांनी गेम मोड लावलेलाच नसतो

नव्वद हा आकडा माझा, शास्त्रीय नाही. पण मला विचारायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या टीव्हीवर पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ असतो, म्हणजे दुकानात लावलेला होता तसाच. या मोडमध्ये टीव्ही प्रत्येक फ्रेम (हालचालीतलं एकेक चित्र) आल्या आल्या दाखवत नाही. आधी रंग चढवतो, कडा धारदार करतो, दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःची एक फ्रेम घुसडतो. क्रिकेट बघताना हे खपून जातं. गेममध्ये मात्र या साजशृंगारात शंभर मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जाऊ शकतो. 60 फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची, म्हणजे तुम्ही जे बघून उडी मारताय ते सहा फ्रेमपूर्वीचं दृश्य आहे. गेम मोड लावला की हीच प्रक्रिया बंद होते आणि बऱ्याचशा टीव्हींवर उशीर दहा-वीस मिलिसेकंदांवर येतो.

सेटिंगमध्ये पिक्चर, मग पिक्चर मोड, आणि तिथे ‘गेम’. एलजीच्या नव्या टीव्हींवर त्याला ‘गेम ऑप्टिमायझर’ म्हणतात. दोन गोष्टी इथे लोकांना चकवतात. बऱ्याच टीव्हींवर हा मोड प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा लक्षात ठेवला जातो, त्यामुळे सेट-टॉप बॉक्सच्या पोर्टवर गेम मोड लावून कन्सोल दुसऱ्या पोर्टवर खेळण्यात काही अर्थ नाही. आणि जुन्या टीव्हीवर ‘गेम’ सापडलाच नाही तर इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ करून बघा; काही मॉडेल तेवढ्यावरच जास्तीची प्रक्रिया गुंडाळून ठेवतात. कन्सोल साउंडबारमधून किंवा होम थिएटरच्या रिसीव्हरमधून टीव्हीला जात असेल, तर तो मधला टप्पा काढा. कन्सोल थेट टीव्हीला, आणि आवाज एआरसीने, म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय केबलनेच, साउंडबारकडे.

फरक पडला की नाही हे अंदाजाने ठरवू नका, कारण सेटिंग बदलल्यावर सगळ्यांनाच थोडा वेळ बरं वाटतं. मोजता येतं, आणि त्याला यंत्र लागत नाही. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये स्लो मोशन 240 फ्रेमचं असतं. फोन कशाला तरी टेकवून असा ठेवा की अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील. कॅरेक्टर स्थिर उभं करा आणि उडीचं बटण थोड्या थोड्या अंतराने दाबत राहा. मग व्हिडिओ फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत मोजा: बटण तळाला टेकलं ती फ्रेम, आणि पाय जमिनीवरून सुटले ती फ्रेम. मधली प्रत्येक फ्रेम सुमारे 4.2 मिलिसेकंदांची. 36 फ्रेम भरल्या तर 150 मिलिसेकंद, 18 भरल्या तर 75. एकाच उडीवर निकाल लावू नका, पाच-सहा मोजून सरासरी घ्या, कारण 30 फ्रेमच्या गेममध्ये बटण फ्रेमच्या सुरुवातीला पडलं की शेवटाला, एवढ्यानेच 33 मिलिसेकंदांपर्यंत फरक पडतो. आकडा शून्याजवळ येणार नाही, गेमलाही स्वतःच्या काही फ्रेम लागतातच. गेम मोड चालू आणि बंद असताना आकडा कितीने हलतो, तेवढं बघायचं.

पीसीवाल्यांसाठी थोडक्यात. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या ठेक्याशी जुळवणारं सेटिंग) चालू असेल तर फ्रेम रांगेत थांबतात, आणि 30 किंवा 60 वर अडकलेल्या गेममध्ये ती रांग जाणवते. व्ही-सिंक बंद करून बघा. चित्र फाटताना दिसलं आणि मॉनिटर व्हेरिएबल रिफ्रेशचा, म्हणजे गेमच्या फ्रेमप्रमाणे स्वतःचा वेग बदलणारा असेल, तर ते चालू करून फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या रिफ्रेशपेक्षा दोन-तीनने खाली ठेवा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधला ‘लो लेटन्सी मोड’ आणि एएमडीचा ‘अँटी-लॅग’ हे दोन्ही 2019 पासून आहेत आणि दोन्ही याच रांगेवर काम करतात. ग्राफिक्स कार्ड पूर्ण भाराखाली असतानाच त्यांचा फायदा दिसतो. जुन्या गेमचा हलकाफुलका रीमास्टर चालवताना चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

कंट्रोलर: केबल लावली म्हणजे वायर्ड झाला असं नाही

प्लेस्टेशनवर हा गैरसमज सर्रास आहे. यूएसबी केबल खोचली की कंट्रोलर चार्ज होतो, पण सेटिंग बदललं नसेल तर बोलणं ब्लूटूथवरूनच चालू राहतं. पीएस4 वर सेटिंग्ज, डिव्हायसेस, कंट्रोलर्स, आणि तिथे ‘कम्युनिकेशन मेथड’मध्ये यूएसबी निवडा. पीएस5 वर हाच पर्याय अ‍ॅक्सेसरीजच्या कंट्रोलर विभागात आहे. स्विचच्या प्रो कंट्रोलरसाठीही ‘वायर्ड कम्युनिकेशन’ असं वेगळं सेटिंग आहे. मधूनमधून बटण गिळलं जाण्याची तक्रार असेल तर ब्लूटूथवर खेळताना मागे काय काय लावलंय ते बघा. यूएसबी 3 ची हार्ड डिस्क 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते, आणि कन्सोलच्या पुढच्याच पोर्टला ती लटकवलेली असली तर कंट्रोलरचा सिग्नल मधेच तुटल्यासारखा होतो. डिस्क लांब केबलने मागे न्या.

डुप्लिकेट कंट्रोलरबद्दल काय बोलायचं? अर्ध्या किमतीत ‘ओरिजिनल, फक्त बॉक्स नाही’ म्हणून मिळालेला असेल तर वरची फोन-चाचणी त्याच्यावर आधी करा. मित्राचा अस्सल कंट्रोलर तासभर उसना आणला की उत्तर मिळतं, लॅमिंग्टन रोडला चक्कर मारायच्या आधी.

पीसीवर गेम स्टीम या दुकानातून घेऊन चालवत असाल तर एक वेगळीच भानगड असते. गेम स्वतः प्लेस्टेशनचा कंट्रोलर ओळखतो, आणि वर ‘स्टीम इनपुट’ही त्याच कंट्रोलरचा एक्सबॉक्स कंट्रोलर करून पाठवतो. एका दाबण्याचे दोन होतात. मेन्यूत कर्सर एकदम दोन घरं उडी मारतो, किंवा डबल जंप असलेल्या गेममध्ये दुसरी उडी आपोआप खर्च होते. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोलर विभागात जाऊन त्या एका गेमसाठी स्टीम इनपुट बंद करा.

अ‍ॅनालॉग स्टिक आपोआप एका बाजूला ओढत असेल तर तो ड्रिफ्ट. कॅलिब्रेशन करा. त्याने भागलं नाही तर उड्या मारत पुढे जायचे प्लॅटफॉर्म गेम डी-पॅडवर, म्हणजे चार दिशांच्या बटणांवर खेळा. यावर पुढे ‘क्रॅश बँडिकूट’ या गेमच्या पुलापाशी परत येऊ.

50 आणि 60: आठवणीतला मारिओ हळू धावायचा

हा भाग खास आपल्याकडच्या लोकांसाठी, कारण आपल्या लहानपणीचा गेम बहुतेकदा खरोखरच वेगळ्या वेगाने चालायचा.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात घरोघरी ज्याला ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचे, तो निन्टेन्डोचा अस्सल कन्सोल क्वचितच असे. फॅमिकॉमची (निन्टेन्डोच्या जपानी कन्सोलची) नक्कल केलेला डबा, पिवळी किंवा काळी कॅसेट, तिच्यावर ‘9999999 इन 1’ लिहिलेलं आणि आत फिरून फिरून तेच सात-आठ गेम. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला 50 चित्रं दाखवणारे. त्यासाठी बनवलेले हे डबेही 50 हर्ट्झवर चालायचे. पण कॅसेटमधला मारिओ किंवा काँट्रा जपान-अमेरिकेच्या 60 हर्ट्झसाठी लिहिलेला. त्या काळचे गेम घड्याळ बघत नाहीत, फ्रेम मोजतात: प्रत्येक फ्रेमला मारिओ इतका पुढे, प्रत्येक फ्रेमला इतका खाली. फ्रेम कमी झाल्या की अख्खा गेम मंदावतो. 60 च्या जागी 50, म्हणजे सहापैकी पाच भाग वेग. उडीची उंची तीच, लांबीही तीच, फक्त ती पूर्ण व्हायला वीस टक्के जास्त वेळ. तुमच्या अंगठ्याने जो ताल पाठ केलाय तो त्या संथ मारिओचा आहे.

आता अधिकृत आवृत्ती 60 हर्ट्झवर समोर आली की प्रत्येक खड्डा थोडा लवकर येतो. अंगठा जुन्या ठेक्यावर दाबतो, आणि मारिओ तोवर कडा ओलांडून गेलेला असतो. लॅग वाटतो, पण गेम मोड लावून तो जाणार नाही.

शंका असेल तर पडताळा सोपा आहे. मूळ सुपर मारिओ ब्रदर्समध्ये वर जे ‘टाइम’ उतरत असतं, ते सेकंद नसतात. दर 24 फ्रेमला एक आकडा कमी होतो. 60 हर्ट्झवर शंभर आकडे उतरायला 40 सेकंद लागतात. तीच कॅसेट 50 वर चालवली तर 48. माळ्यावर जुना डबा पडून असेल आणि तो चालू झाला, तर फोनचं स्टॉपवॉच लावून बघा. तुमचं बालपण कोणत्या हर्ट्झचं होतं ते कळेल.

उलटी केसही होते: रीमास्टर किंवा पुनर्प्रकाशित गेमच संथ असतो. 2018 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या प्लेस्टेशन क्लासिकमध्ये वीस गेम होते, त्यातल्या नऊ गेमच्या पाल आवृत्त्या भरलेल्या होत्या. कन्सोल चित्र देतो 60 हर्ट्झने, गेम पळतो 50 ने, मग दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. हालचालीत बारीक ठेच लागत राहते आणि कड्याचा अंदाज चुकतो. 2022 मध्ये प्लेस्टेशन प्लसवर जुने गेम आले तेव्हा आशियात ‘एप एस्केप’सारख्या गेमच्या अशाच पाल आवृत्त्या निघाल्या. ओरड झाल्यावर सोनीने बऱ्याच गेमना 60 हर्ट्झच्या आवृत्तीचा पर्याय देणार असल्याचं जाहीर केलं. भारतात हे गेम प्लसच्या ‘डिलक्स’ श्रेणीत मिळतात. तेव्हा असा गेम उघडल्यावर आवृत्ती निवडायचा पर्याय येतो का ते आधी बघा, आणि असेल तर एनटीएससी, म्हणजे 60 हर्ट्झची घ्या. पर्यायच नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डोकं फोडून उपयोग नाही.

उडीच बदललीय: क्रॅशचा पूल

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून इथे सावकाश.

नॉटी डॉगचा पहिला ‘क्रॅश बँडिकूट’ 1996 चा. पुढचे दोन भाग, ‘कॉर्टेक्स स्ट्राइक्स बॅक’ आणि ‘वॉर्प्ड’, 1997 आणि 1998 चे. व्हिकेरियस व्हिजन्सने तिन्ही नव्याने बांधून ‘एन. सेन ट्रिलजी’ काढली. पीएस4 वर 2017 च्या जूनअखेर, आणि पीसी, एक्सबॉक्स, स्विचवर वर्षभराने. चित्रं देखणी, लेव्हलची रचना जवळजवळ खिळ्याला खिळा तीच. आणि आठवड्याच्या आत जगभरातून एकच ओरड: पहिल्या भागात उड्या चुकतायत. विशेषतः ‘रोड टू नोव्हेअर’ आणि ‘द हाय रोड’ या दोन झुलत्या पुलांवर.

लोकांचा भ्रम नव्हता. 2017 च्या जुलैमध्ये गेमच्या प्रकाशकाने, अ‍ॅक्टिव्हिजननेच मान्य केलं की तिन्ही गेमसाठी ‘वॉर्प्ड’ची हाताळणी पायाभूत धरली, क्रॅश उडीनंतर मूळ गेमपेक्षा थोडा लवकर खाली येतो, आणि धडक मोजण्याची पद्धतही वेगळी असल्याने काही उड्या जास्त अचूक माराव्या लागतात. मूळ गेम हाताला पाठ असलेल्यांना ती सवय मोडणं जड जाईल, हेही त्यांनीच सांगितलं. खेळाडूंनी आणखी खोदून पाहिलं तेव्हा दिसलं की क्रॅशच्या भोवतीचा अदृश्य आकार तळाला गोलाकार आहे, औषधाच्या कॅप्सूलसारखा. मूळ गेममध्ये पायाची कड फळीच्या कडेवर टेकली की टेकली. इथे गोल तळ कडेवरून निसटतो. म्हणून डोळ्यांना पाय फळीवर दिसतात आणि क्रॅश तरी घरंगळतो.

आता यातली खरी मेख. ‘वॉर्प्ड’मध्ये लवकर खाली येणं फारसं जाचत नाही, कारण तिथे घसरत जाऊन मारायची लांब उडी आहे, आणि डिंगोडाइलला हरवल्यावर डबल जंपही मिळते. पहिल्या भागात यातलं काहीच नाही. एक उडी, एक गिरकी, बस. म्हणजे तिसऱ्या भागाचं गुरुत्वाकर्षण पहिल्या भागाच्या अंतरांवर आणून ठेवलंय आणि सावरायची साधनं तिथेच सोडून दिलीत. माझ्या मते ही रीमास्टरची चूकच आहे. देखण्या कामात राहून गेलेली, पण चूक.

पूल पार करायचा तर काय करायचं?

स्टिक सोडा, डी-पॅड धरा. पहिला क्रॅश आला तेव्हा प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला अ‍ॅनालॉग स्टिकच नव्हती, पुलाची लेव्हल डी-पॅडच्या सरळ रेषेसाठी आखलेली आहे. स्टिकने ‘वर’ म्हणताना अंगठा दोन-चार अंश तिरका जातोच, आणि अरुंद फळीवर तेवढं पुरेसं असतं. डी-पॅडवर वर म्हणजे वर.

कडेच्या टोकाला जाऊन उडी मारायची जुनी सवय सोडा. गोल तळामुळे टोकावरच्या शेवटच्या इंचाचा भरवसा नाही. अर्धं पाऊल आधी उडा. उतरताना मात्र समोरच्या फळीच्या मध्यावर नेम धरा, अलीकडच्या कडेवर नाही. दोन्ही एकत्र केलं की अंतर वाढल्यासारखं वाटतं, आणि म्हणून तिसरी गोष्ट: एक्स बटण शेवटपर्यंत दाबून ठेवा. उडीची उंची बटण किती वेळ धरता त्यावर ठरते. घाबरलेला अंगठा टिचकी मारून मोकळा होतो आणि अर्धीच उडी मिळते. कासवांवर उडी मारतानाही बटण धरूनच ठेवायचं, उलट्या झालेल्या कासवावरून पुढची झेप त्यावरच मिळते.

नजर क्रॅशवर ठेवू नका, त्याच्या सावलीवर ठेवा. कॅमेरा पाठीमागून असल्याने खोलीचा अंदाज हमखास फसतो. सावली बरोबर पायाखाली पडते. ती फळीच्या मधोमध आली की दिशा सोडून द्या आणि खाली येऊ द्या. लोक काय करतात, हवेत असतानाही डी-पॅड दाबून ठेवतात आणि उतरलेल्या फळीवरून पुढे चालत जाऊन पडतात. फुटणाऱ्या फळ्यांवर मात्र थांबायला वेळ नाही, पाय टेकला की पुढची उडी. त्या फळ्या कुठल्या ते दोन-तीनदा पडल्यावरच पाठ होतं, त्याला तोड नाही. एरवी एक फटका झेलणारा अकू अकूचा मुखवटा घातलेला असला तरी दरीत पडल्यावर तो काही कामाचा नाही.

आणि हे सगळं नको असेल, तर पुलाच्या कडेचा दोर आहे. मूळ गेममध्ये त्यावर चढून चालत जायची युक्ती होती. रीमास्टरमध्येही ती चालते. पुलाच्या अगदी बाजूला उभं राहून दोरावर उडी मारायची आणि डी-पॅडने सरळ वर. फळ्या नाहीत, कासवं नाहीत, डुकरं नाहीत. फक्त वाटेतली खोकी फोडायची राहून जातात, त्यामुळे रत्न मिळत नाही. लेव्हल पार झाल्याशी मतलब असेल तर दोराची लाज बाळगू नका. रत्नासाठी नंतर परत येता येतं, आणि पारदर्शक रत्नासाठी रीमास्टरमध्ये एकही जीव न गमावण्याची अट नाही, हा एक मोठा दिलासा. रंगीत रत्नांना ती अट आहे.

नव्याने सुरुवात करत असाल तर क्रमही बदला. ‘वॉर्प्ड’ आधी खेळा. ही उडी मुळात त्याचीच आहे, तिथे ती अंगवळणी पडते. मग दुसरा भाग, आणि पहिला शेवटी. अ‍ॅक्टिव्हिजननेही नव्या खेळाडूंना पहिल्या भागाआधी नंतरचे भाग खेळायला सुचवलं होतं, पण गोष्ट क्रमाने बघायच्या आपल्या सवयीपुढे ते कोण ऐकतो.

एक गोष्ट कन्सोलनुसार. पीएस4 आणि स्विचवर हा गेम 30 फ्रेमचा आहे, पीसीवर 60 मिळतात. पीसीवर त्याच उड्या किंचित सोप्या वाटतात, कारण बटणाचा परिणाम लवकर दिसतो. उडीचा आकार आणि तो घसरडा तळ मात्र तिथेही तोच.

जो लॅग वाटतो पण नसतो

उडी बदलण्याचा हा प्रकार नवा नाही. 1993 मध्ये निन्टेन्डोने जुने मारिओ नव्या चित्रांनिशी ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’मध्ये काढले, तेव्हा विटेचं गणित हललं. मूळ गेममध्ये डोक्याने वीट फुटली की मारिओ लगेच खाली ढकलला जातो. ऑल-स्टार्समध्ये वीट फुटल्यावरही तो वर जातच राहतो. विटांच्या रांगेखालून धावत फोडत जायची सवय असेल तर लय तिथेच तुटते. इलाज म्हणजे मूळ आवृत्ती उपलब्ध असेल तर ती खेळणं.

मेगा मॅनच्या 2015 च्या लेगसी कलेक्शनमध्ये पडद्यावर शत्रू वाढले की गेम मंदावतो आणि आकृत्या लुकलुकतात. तुमचं मशीन दमलेलं नाही. मूळ गेम तसाच होता आणि तो जाणूनबुजून तसा ठेवलाय. कंट्रोलर बदलू नका.

आणि ‘प्रिन्स’. कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की ‘डेंजरस डेव्ह’नंतर हाच गेम लागायचा. 1989 च्या मूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये बटण दाबल्यावर प्रिन्स लगेच उडत नाही, हातातलं पाऊल पुरं करतो आणि मग उडतो. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडण्याचं चित्रीकरण करून त्यावरून ही हालचाल रेखाटली होती, त्यामुळे त्यात माणसाचं वजन आहे. इथे खड्डा दिसल्यावर नाही, एक पाऊल आधी बटण दाबायचं. फोनने मोजलंत तर आकडा मोठा येईल आणि गेम मोडने एका मर्यादेखाली येणार नाही.

आवाजाचं एक: ब्लूटूथ हेडफोन लावून खेळत असाल तर आवाज पडद्याच्या मागे राहतो. साध्या उड्यांना त्याने बिघडत नाही, पण ‘रेमन लेजंड्स’च्या संगीतावर पळायच्या लेव्हल ठेक्यावरच बेतलेल्या आहेत. तिथे वायरचा हेडफोन लावा, नाहीतर टीव्हीचा आवाज.

क्रॅशमधली ‘स्टॉर्मी असेंट’ ही लेव्हल दिसली तर ती या सगळ्या चाचण्यांसाठी वापरू नका. 1996 मध्ये ती बनून तयार होती, पण फारच अवघड म्हणून मूळ गेममधून वगळली गेली, आणि 2017 मध्ये रीमास्टरसाठी पुन्हा बांधली. तिथे पडलात तर टीव्ही, कंट्रोलर, हर्ट्झ सगळं ठीक असण्याची दाट शक्यता आहे.